किल्टला दिलेली धुरी

मर्व टलोकने मासे धुरवायचा फ्रिज अंगणातून ढकलत ढकलत गॅरेजमध्ये आणला, तेव्हा त्याची बायको रेविन घरी नव्हती. या सगळ्या प्रकरणात मर्वने डोकं वापरून केलेली ही एकमेव गोष्ट.

फ्रिज आपला नावालाच फ्रिज. थंड करायचं काम त्याने केव्हाच सोडलं होतं. मर्वने त्याच्या तळाशी गॅसची शेगडी बसवली होती, तिच्यावर भुसा जाळायचा पत्रा, वर मासे ठेवायच्या जाळ्या आणि डोक्यावर धूर जायला एक भोक. ड्रायबर्नमध्ये निम्म्या घरांच्या मागे असा एखादा निवृत्त फ्रिज उभा असतोच. धरणातले ट्राउट रात्रभर मीठसाखरेत मुरवायचे आणि सकाळी त्यांना मानुकाच्या भुशाची धुरी द्यायची, यात मर्वचा हात धरणारा कोणी नाही, असं मर्वचं मत होतं. मानुका हे तिकडचं, पृथ्वीच्या पार दक्षिणेकडचं झाड. आपल्या शिऱ्यातल्या मनुकांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिकडे जुलैत हिवाळाच असतो, पण त्या जुलैत थंडीने ताळ सोडला होता. धरण इतकं गोठलं की लोकांनी वर ट्रॅक्टर उभा करून पाहिला आणि तो बुडाला नाही. झालं, लगेच बॉन्स्पील जाहीर झाली. बॉन्स्पील म्हणजे अख्ख्या पठारावरच्या लोकांनी गोठलेल्या धरणावर जमायचं आणि अर्ध्या मणाचे गुळगुळीत दगड बर्फावरून घसरवायचे. घरी कधी केराला न झुकणारे पुरुष त्या दिवशी झाडू घेऊन दगडापुढे बर्फ झाडत पळतात. असा मनाजोगता बर्फ काही दरवर्षी जमत नाही. मागच्या खेपेला जमला होता, तेव्हा रेविनच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

या खेळाची सुरुवात व्हायची बॅगपाइपने. पाइपवाला पुढे, सगळा गाव मागे, अशी मिरवणूक बर्फावर जायची. चाळीस वर्षं हा मान डूगल मॅकस्किमिंगचा होता. आता त्याला दम पुरेना, म्हणून या खेळाच्या क्लबने रेविनला विचारलं, आणि ती त्या क्षणापासून जमिनीवर नव्हती. बाईने मिरवणुकीपुढे पाइप वाजवायची ही पहिलीच वेळ होती.

डूगलला मात्र हे पचलं नव्हतं. तालमीला तो पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसायचा.

"सूर बरोबर आहेत तुझे, पोरी," तो म्हणायचा. "पण जीव कुठाय त्यात? असं वाजवलंस तर कुत्रंसुद्धा विचारणार नाही तुला."

"मी कुत्र्यांसाठी वाजवतच नाहीये, डूगल."

"तेच म्हणतो मी. मी माझा पाइप घेऊन काठावर उभा राहणार आहे. तू अडखळलीस, की पुढचं मी वाजवीन. क्लबशी बोललोय मी तसं."

हे ऐकल्यापासून रेविनला झोप नव्हती. तिने मिरवणुकीत नेसायचा आठ वार लोकरीचा चौकडीचा किल्ट एकेक चुणी धरून इस्त्री केला, मागच्या खोलीत खुंटीला टांगला, शेजारी पलंगावर बॅगपाइप ठेवला आणि मांजर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. किल्टला घागरा म्हणायची चूक मर्वने लग्नानंतर एकदाच केली होती, त्यामुळे तो विषय इथेही नको.

मर्वनेही क्लबात शब्द देऊन ठेवला होता, की बॉन्स्पीलच्या जेवणाला सगळ्यांना धुरवलेला ट्राउट माझ्याकडून. आदल्या दिवशी सकाळी रेविन क्लबात टेबलं लावायला निघाली, तेव्हा दारात थांबून तिने बोट उगारलं.

"तुला काय धुरवायचं ते धुरव. पण घरात धूर आला तर बघ. लोकर आहे ती. एकदा वास धरला की सोडत नाही."

"घरात कसा येईल धूर? मी काय वेडा आहे?"

"उत्तर देऊ, की जाता जाता भांडण नको?" असं म्हणून रेविन गेली.

अंगणात फ्रिज पेटेना. गॅसचं सिलिंडर गारठलं होतं. ज्योत उदबत्तीच्या टोकाएवढी यायची आणि लाजून आत जायची. जाळ्यांवर बर्फ धरला होता. मीठसाखरेत मुरलेले ट्राउट पातेल्यात वाट बघत होते. म्हणून मर्वने फ्रिज गॅरेजमध्ये घेतला. गॅरेज घराला लागूनच होतं, पण मर्वच्या हिशेबात गॅरेज म्हणजे घर नव्हे. तिथे त्याची कार, त्याचा रेडिओ, त्याची बिअर आणि त्याची मतं राहत असत.

शेगडी पेटली, भुसा धुमसायला लागला आणि थोड्याच वेळात मर्वला स्वतःचे हात दिसेनासे झाले. खिडकी गोठून बसली होती. त्याने गॅरेजचं दार हातभर वर उचललं. पण कडाक्याच्या थंडीत धूरही आळशी होतो. तो दाराखालून रांगत बाहेर गेला, बाहेरची थंडी त्याने बघितली आणि निमूट परत आत आला.

त्या धुरातूनच नेव्हिलची आकृती खोकत पुढे आली. नेव्हिल म्हणजे मर्वचा शाळेपासूनचा दोस्त आणि ड्रायबर्नच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. दल सगळं हौशी. भोंगा वाजला की ज्याने त्याने हातातलं काम टाकून धावायचं. पण प्रमुख तो प्रमुख. आगीबद्दल, धुराबद्दल आणि इतरही बहुतेक गोष्टींबद्दल त्याचा शब्द गावात शेवटचा होता.

"काय रे, तू आहेस ना आत?" नेव्हिलने विचारलं. "की तुलाच लावलंयस धुरवायला?"

"नेव्हिल, हा धूर बाहेर काढायचा कसा ते सांग. बाकीचं नंतर बोल."

"धूर कुठे जातो? वर. मग तू त्याला खाली कशाला पाठवतोस? ते बघ." नेव्हिलने छताकडे बोट दाखवलं. छताला माळ्यावर चढायची चौकोनी झडप होती. "नळी लाव आणि सोड तिथे वर. कौलांच्या फटींतून जाईल निघून. धुराचं शास्त्र आहे ते."

"नक्की?"

"मर्व, मी तीस वर्षं धूर बघतोय."

यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. मर्वने कपडे वाळवायच्या मशीनमागची ती जाडजूड, वळवळणारी नळी उपटून आणली. एक टोक फ्रिजच्या भोकाला चिकटपट्टीने बांधलं, दुसरं नेव्हिलने शिडीवर चढून झडपेतून माळ्यावर खुपसलं. आणि खरोखर, बघता बघता गॅरेज स्वच्छ झालं. नळी एकसारखी धूर ओढत होती. दोघांनी बिअर उघडली, खुर्च्या ओढल्या आणि आपण केलेल्या कामाकडे कौतुकाने बघत बसले. मांजरही कोपऱ्यातल्या आपल्या बिछान्यात अंगाचं वेटोळं करून झोपलं.

आता त्या बिछान्याबद्दल सांगायलाच हवं. दोन हिवाळ्यांपूर्वी घरातली ओल घालवायला मर्वने एका गोड बोलणाऱ्या विक्रेत्याकडून एक यंत्र घेतलं होतं. ते माळ्यावर बसतं, माळ्यावरची कोरडी हवा ओढतं आणि प्रत्येक खोलीच्या छतातल्या गोल भोकातून हळुवार खाली सोडतं. मध्ये एक जाडसर गाळणी असते. ही गाळणी मर्वने धुवायला म्हणून काढली, ती मांजराला आवडली, आणि मर्वचा स्वभाव मुळात मायाळू. यंत्र गाळणीवाचूनच चालू होतं. शिवाय थंडीमुळे काचांवर पाणी धरतंय म्हणून त्याने ते परवाच पुरं जोरात लावलं होतं. मागच्या खोलीतलं गोल भोक किल्टच्या बरोब्बर वर होतं.

"हवा कशी ओढतेय बघ," मर्व नळीकडे बघत म्हणाला. "जणू वरून कोणीतरी शोषून घेतंय."

"शास्त्र," नेव्हिल म्हणाला.

घरात कुठेतरी पीं पीं पीं वाजायला लागलं.

"ते काय?"

"धुराची घंटी. बॅटरी उतरलीय. हिवाळाभर मधूनमधून वाजतेय."

"बदल रे बॅटरी," अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला. "जिवाशी खेळ बरा नव्हे." आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

बाहेर मात्र समोरच्या घरातल्या बाईने पडदा सारला आणि तिच्या हातातला चहाचा कप तिथेच राहिला. टलोकांच्या घराच्या कौलांमधून, पन्हळींमधून, वळचणीतून, जिथे म्हणून फट आहे तिथून धूर निघत होता. घरच आपल्या चारी अंगांनी सुस्कारे टाकत होतं. बाईने फोन उचलला.

गावातला भोंगा वाजला, तेव्हा नेव्हिल दुसरी बिअर उघडत होता. त्याच्या कमरेचा पेजरही कोकलायला लागला. प्रमुख ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य आलं.

"आग! घराला लागलीय कुठेतरी."

"अरे देवा. कोणाच्या?"

"थांब, वाचू दे. चष्मा... हां. पाणचक्की रस्ता."

"म्हणजे आपलीच गल्ली की!"

"घर नंबर नऊ."

"नऊ?" मर्व आठवू लागला. "सातमध्ये तो मेंढरांचा डॉक्टर. अकरा रिकामंच आहे. नऊमध्ये कोण राहतं बरं?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी नळीकडे पाहिलं. नळी तन्मयतेने धूर ओढत होती.

"नेव्हिल," मर्व हळूच म्हणाला, "नऊमध्ये मी राहतो."

गॅरेजमधून घरात जायचं दार मर्वने उघडलं आणि तसंच परत लावलं. आत घर नव्हतंच. दुधाळ, गोडसर, खमंग असं काहीतरी होतं आणि त्यात कुठेतरी घंटी पीं पीं करत होती.

"तूच प्रमुख ना? विझव की मग!"

"विझवू कसा? बंब ठाण्यात आहे! आणि मी इथे होतो हे कोणाला कळलं तर प्रमुखपद जाईल माझं. मी आलोच. तू मला बघितलंच नाहीस." एवढं बोलून नेव्हिलने मागच्या कुंपणावरून उडी टाकली आणि धूम ठोकली.

मर्वने शेगडी बंद केली, यंत्र बंद केलं, खिडक्या उघडायला धावला, त्या गोठलेल्या होत्या म्हणून परत धावला. तेवढ्यात घंटा बडवत बंब आला. त्यावरून नेव्हिल उतरला. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात पिवळा कोट, छाती पुढे.

"कोण राहतं इथे?" त्याने गरजून विचारलं.

"मी राहतो, गाढवा," मर्व म्हणाला.

"धूर कशाचा?"

"शास्त्राचा!"

बंबामागून सगळा गाव आला आणि गावाबरोबर रेविन. तिने ना बंबाकडे पाहिलं, ना नवऱ्याकडे. ती सरळ मागच्या खोलीत गेली. ओरडली असती तर बरं, असं मर्वला वाटलं. रेविन ओरडली नाही. ती किल्ट हातावर घेऊन बाहेर आली आणि तिने तो फक्त त्याच्या नाकासमोर धरला.

वास उत्तम होता. मर्वने आयुष्यात इतकं सुरेख काही धुरवलं नव्हतं. पण हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही, ही त्याची दुसरी शहाणपणाची गोष्ट मानायला हरकत नाही.

"उद्या सकाळी," रेविन म्हणाली. "उद्या सकाळी मला वाजवायचंय, मर्व. इतक्या वर्षांनी. आणि मी माशासारखी वास मारत जाऊ त्या डूगलसमोर?"

"आपण घालवू ना वास. मी घालवतो. लोकरच तर आहे."

लोक पांगल्यावर मर्वने फ्रिज उघडून पाहिला. नळीने धूर आणि ऊब दोन्ही इतक्या तत्परतेने वर पोचवली होती की मासे सकाळी होते तसेच, ओले, चकचकीत आणि कच्चे. घरातली एकूण एक वस्तू धुरावली होती. उश्या, पडदे, पाव, मर्वचा दात घासायचा ब्रश. सुटले होते ते फक्त मासे.

किल्ट धुवायचा प्रश्नच नव्हता. आठ वार लोकर सकाळपर्यंत वाळली नसती. मर्वने तो बाहेर दोरीवर वाऱ्याला टांगला. तासाभराने आणायला गेला तर किल्ट आत येईना. तो कडक झाला होता. दोरीवरून काढून जमिनीवर ठेवला तर आत माणूस नसतानाही तो उभा राहिला. दारातून नेताना आडवा करावा लागला. मग तो चुलीसमोर ठेवला. तिथे तो हळूहळू विरघळला, खाली बसला, आणि उबेने लोकरीतून असा काही घमघमाट सुटला की मांजर गाळणी सोडून धावत आलं आणि किल्टला अंग घासू लागलं.

मर्वने मग न्हाणीघरातला लव्हेंडरचा फवारा आणून मारला.

"आता कसा येतोय?" त्याने विचारलं.

रेविनने वास घेतला. "आता बागेत मासा मेल्यासारखा येतोय."

"बॅगपाइप तरी बरा असेल. तो बंद असतो ना आतून." मर्वने पिशवी काखेत धरून सहज दाबली. भोंऽऽ असा आवाज झाला आणि तिन्ही नळ्यांच्या तोंडातून धुराची तीन छोटी वेटोळी शांतपणे वर गेली.

रेविन मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मर्वला काय करावं ते कळेना. तीस वर्षांच्या संसारात तिला रडताना त्याने फार थोड्या वेळा पाहिलं होतं आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण तोच होता. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला.

"मी सांगतो क्लबला. चूक माझी आहे. सगळ्यांसमोर सांगतो."

"आणि मग? मग डूगल वाजवेल."

नेमकं तेव्हाच दार वाजलं. दारात डूगलच होता, टोपीवर बर्फाची भुकटी, चेहऱ्यावर काळजी आणि काळजीच्या खाली कुठेतरी आशा.

"ऐकलं, घर जळलं म्हणून," तो म्हणाला. "म्हटलं, विचारून यावं. माझा किल्ट तयार आहे हं. इस्त्रीसुद्धा केलीय."

मर्व आणि रेविन श्वास रोखून उभे राहिले. डूगल सरळ चुलीजवळ गेला, किल्टपासून वीतभर अंतरावर खुर्चीत बसला आणि खिशातून आपला तंबाखूचा पाइप काढून भरू लागला. साठ वर्षं तो हा काळा तंबाखू ओढत होता. त्याने एकदा दीर्घ श्वास घेतला. रेविनने डोळे मिटले.

"घर तर चांगलं दिसतंय की," डूगल जरा निराश होऊन म्हणाला. "काहीच जळलं नाही?"

"नाही," रेविन म्हणाली. "तुम्हाला... वासबीस काही येतोय का?"

"वास? मला कसला वास येतोय, पोरी. नाक गेलं माझं, त्याला जमाना झाला. मागे मेंढरू सडलं होतं गाडीखाली, तर पोस्टमनने सांगितलं तेव्हा कळलं." तो उठला. दाराशी थांबला. "तुझ्या जागी मी असतो तर आराम केला असता उद्या. धक्का बसला असेल तुला."

रेविनने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्याकडे बघून मर्व नकळत एक पाऊल मागे सरकला.

"मी वाजवणार आहे," ती म्हणाली. "वास येवो नाहीतर न येवो. ज्याला नाक असेल त्याने ते धरावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं पठार धरणाच्या काठावर लोटलं होतं. शेतकऱ्यांच्या उघड्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीच्या मागे मेंढरं राखणारी दोन-तीन कुत्री बसली होती. ही कामाची कुत्री. मालकाच्या शिट्टीशिवाय कान हलवणार नाहीत. लोक मात्र नेहमीसारखेच सैरभैर होते. कोणी झाडू विसरलं होतं, कोणी दगडावर बसून दारूची बाटली फिरवत होतं, कोणी भलत्याच दिशेने चाललं होतं. ही मिरवणूक आजवर कधी धड निघालीच नव्हती. डूगलच्या मागेसुद्धा निम्मा गाव यायचा आणि उरलेला निम्मा, आलो हं, असं म्हणून तिथेच राहायचा.

डूगल काठावर उभा होता, पाइप काखेत, छाती फुगवलेली. मर्व गाड्यांच्या आड उभा राहून देवाचं नाव घेत होता. ते त्याला नीट येत नव्हतं.

रेविनने पिशवीत श्वास भरला, कोपर दाबलं आणि पहिला सूर निघाला. ती गाड्यांच्या ओळीसमोरून चालू लागली. चालण्याने अंगात ऊब आली, उबेने किल्ट जागा झाला, आणि प्रत्येक दाबासरशी पिशवीतून मीठ, साखर आणि मानुकाचा मंद झोत सुटू लागला.

पहिल्या गाडीवरच्या कुत्रीने नाक वर केलं. मग तिने खाली उडी मारली. तिच्यामागून दुसरं, तिसरं, पुढच्या गाडीवरची तिन्ही, मग पलीकडची. बघता बघता पठारावरची एकूण एक कुत्री रेविनच्या मागे होती. भुंकणं नाही, भांडण नाही. जिभा बाहेर, डोळे किल्टवर.

"ए फ्लॉस! मागे ये!" एकाने शिट्टी मारली. दुसऱ्याने मारली. मग सगळ्यांनीच मारायला सुरुवात केली. आणि इथे खरी गंमत झाली. एकाच्या कुत्र्याला जी शिट्टी 'गप बस' सांगते, तीच शेजाऱ्याच्या कुत्र्याला 'कळप घेऊन ये' सांगते. निम्म्या कुत्र्यांनी तेवढंच ऐकलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कळप समोरच होता. झाडू घेऊन, बाटल्या घेऊन, अस्ताव्यस्त उभा होता.

कुत्री पांगली, अर्धगोल करून मागून आली आणि त्यांनी गावाला हाकायला घेतलं. दगडावर बसलेले उठले. भलतीकडे चाललेले वळले. क्लबचे अध्यक्ष न्याहारीची पोळी घेऊन बाजूला झाले होते, त्यांना एका भल्या थोरल्या काळ्या कुत्र्याने अंगावर भुंकून रांगेत आणलं. नेव्हिल बंबावर चढून बसला, तिथूनही उतरवला गेला.

"अरे, मी ड्युटीवर आहे!" तो ओरडत होता. कुत्र्याने ते मानलं नाही.

शेवटी काठावर एकटा डूगल उरला. निळ्या डोळ्यांची एक बारीकशी कुत्री त्याच्यासमोर जमिनीला पोट टेकून बसली आणि त्याच्याकडे एकटक बघत राहिली. डूगल डावीकडे सरकला, तीही सरकली. तो उजवीकडे सरकला. तिने फक्त मान वळवली. म्हाताऱ्याने साठ वर्षं मेंढरं राखली होती. आता पुढे काय होतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तो निमूटपणे आपला पाइप काखेत घेऊन रेविनच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला.

बर्फावर अशी मिरवणूक कधी निघाली नव्हती. पुढे रेविन, तिच्या मागे कुत्री, मागे चार-चारच्या रांगेत अख्खं पठार आणि बाजूने पुन्हा कुत्री. हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते गालांवरच गोठत होतं. पण रेविनचा सूर हलला नाही. एकदाही नाही. मागे वळूनसुद्धा न बघता तिने शेवटची ओळ वाजवली, पिशवी सोडली आणि मगच तिने पाहिलं.

डूगल पुढे आला. त्याच्या दाढीत खरंच अश्रू होते.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं वाजवलं मी, पोरी. माझ्यावर कुत्री भुंकली, विव्हळली, एकदा एक चावलंसुद्धा. पण मागे एकही आलं नाही. मी तुला नको ते बोललो. अगं, मेंढरांची कुत्री ती, मालकाचं ऐकेनात! काय ओतलंस तू त्या सुरांत?"

नेव्हिल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात रेविनची टाच त्याच्या बुटावर पडली. चारेकशे माणसं उभी होती, प्रत्येकाच्या नाकात मानुका होता, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. ड्रायबर्नबद्दल इतर काहीही म्हणा, पण माणसं चांगली आहेत.

"मनापासून वाजवलं," रेविन म्हणाली. "आणि मर्वनेही थोडी मदत केली."

डूगलने काखेतला आपला चांदीच्या कड्यांचा पाइप काढला आणि तिच्या हातात ठेवला. "हा आता तुझा. मला ठेवून काय करायचाय? आणि ऐक, पुढच्या महिन्यात क्लबचं हिवाळी जेवण आहे. माझा भाऊ येतोय दक्षिणेतून. तोही पाइपवाला, भारी शिष्ट. मी माझी पाचही कुत्री घेऊन येतो. त्याला दाखव एकदा. अगदी आजच्यासारखंच वाजव हं!"

जेवणाला त्या दिवशी मटणाचा रस्साच होता. धुरवलेल्या ट्राउटबद्दल मर्वला कोणी काही विचारलं नाही; रेविन शेजारी बसलेली असल्यामुळे बहुतेकांना तो आपण खाल्लाच असं वाटत होतं.

घरी परतताना गाडीत रेविनच्या मांडीवर तो चांदीच्या कड्यांचा पाइप होता आणि ती त्यावरून बोटं फिरवत होती. मर्व दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसला होता.

"मर्व," शेवटी ती म्हणाली.

"हं?"

"ती नळी टाकून दिलीस का?"

"नाही. आहे अजून. आजच टाकतो, शपथ."

"टाकू नकोस. भुसा किती उरलाय?"

मर्वने गाडीचा वेग कमी केला आणि तिच्याकडे बघितलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती, गंभीर चेहऱ्याने.

"असेल अर्धी गोणी. का?"

"पुढच्या महिन्यात पाच कुत्री आहेत. त्यातली दोन म्हातारी, नाकं मंद असतील त्यांची," रेविन म्हणाली. "या खेपेला किल्ट आधी रात्रभर मीठसाखरेत मुरवायचा का, त्याचा विचार कर."